सुईची धास्ती, उशीचा विसर

वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञाची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, मी ३१ वर्षांची आहे. पाथर्डी फाट्याला राहते आणि अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे आठ तास उभ्याने काम. २०२१ मध्ये पाण्याचा वीस लिटरचा जार उचलताना कंबरेत कळ गेली आणि डावा पाय पोटरीपर्यंत चमकायला लागला. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ या कंबरेच्या मणक्यांमधली गादी सरकल्याचं आलं. ऑपरेशन लागलं नाही. दीड महिना सुट्टी, मग फिजिओथेरपी, आणि नंतर बरी होते. आता पहिलंच बाळंतपण, २९ वा आठवडा चालू आहे. पाचव्या महिन्यापासून कंबर परत धरते, रात्री कूस बदलताना तोंडातून आवाज निघतो. कळांच्या वेळी एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून देतात ती भूल, घ्यावं असं मला मनापासून वाटतं. सासूबाई म्हणतात, आधीच कंबर गेलेली, त्यात कण्यात सुई घेतलीस तर बाळाला उचलणार कोण? जाऊबाईंना सीझरला पाठीत सुई दिली होती, त्या अजून कंबर धरून चालतात. ह्यांनी मोबाइलवर कुठेतरी बघितलं की पाय कायमचे लुळे पडतात. आमच्या मॅडम म्हणाल्या, 'त्या वेळी भूलवाले डॉक्टर ठरवतील.' त्या वेळी म्हणजे कळा सुरू झाल्यावर का? तेव्हा मी काय विचारणार?

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न सगळ्यात शहाणा आहे, म्हणून आधी तोच घेते.

मी नाशिकमध्ये सत्तावीस वर्षं भूल देते आहे. स्वतःचं हॉस्पिटल नाही, कुणाची नोकरी नाही. गाडीच्या डिकीत पेटी असते, फोन आला की कधी सिडको, कधी द्वारका, कधी पंचवटी. रात्री दोनला एखाद्या प्रसूतिगृहाचा जिना चढून जावं, तर समोर घामाघूम झालेली मुलगी, दोन कळांच्या मध्ये जेमतेम दोन मिनिटांची उसंत, आणि कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणतं, 'डॉक्टर, तिची गादी सरकलेली आहे बरं का.' एमआरआय कुठे आहे? घरी, कपाटावर. कोणता पाय दुखायचा? ती सांगायला तोंड उघडते आणि पुढची कळ येते. अशा वेळी मी नीट विचार करून दिलेला निर्णय आणि घाबरून दिलेला नकार यांत फरक उरत नाही. माझ्या ओळखीचे कितीतरी चांगले भूलतज्ज्ञ अशा वेळी सरळ 'नको' म्हणतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. पाठीची ओळखच नसेल तर ते तरी काय करणार?

तेव्हा 'त्या वेळी' नको. ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान मॅडमना सांगा, तुमच्याकडे येणाऱ्या भूलतज्ज्ञांना मला एकदा भेटायचंय. आपल्याकडे ही पद्धत अजून रुळलेली नाही, त्यामुळे थोडं ठासून सांगावं लागेल. जाताना एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही न्या. नवीन एमआरआय बहुधा लागत नाही. चमक वाढली असेल, पायाची ताकद कमी झाली असेल तरच तो करतात, आणि तो गरोदरपणात करता येतो.

आता सुई नेमकी जाते कुठे, ते. तुम्ही जुन्या नाशकातला एखादा वाडा पाहिला असेल, रस्त्याला पुढचं दार आणि मागे परसदार. मणक्यांच्या आतल्या पोकळीचं तसंच समजा. सरकलेली गादी पोकळीच्या पुढच्या अंगाला असते, पोटाच्या बाजूला. माझी सुई येते परसदाराने. त्वचा, मग दोन मणक्यांच्या शेपट्यांमधले चिवट बंध, मग शेवटचा एक पिवळसर बंध. मी सुईला सलाइनची सिरिंज लावून दट्ट्या दाबत दाबत पुढे जाते. तो शेवटचा बंध ओलांडला की इतका वेळ अडलेला दट्ट्या एकदम आत जातो. तिथे थांबायचं. परसदाराचा उंबरा ओलांडला की थांबायचं, घरात शिरायचं नाही. त्या जागेत जेमतेम एक मिलिमीटर जाडीची मऊ नळी सोडतात आणि सुई काढून घेतात. कळा चालू असताना पाठीत सुई नसते, नळी असते, हे निम्म्या पेशंटना माहीतच नसतं. आणि मज्जारज्जू म्हणाल, तर मोठ्या माणसात तो साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मण्यापाशी संपतो. आम्ही त्याच्या खाली काम करतो. तुमच्या गादीची जागा टाळून एक घर वर जाणंही बहुतेक वेळा जमतं.

म्हणजे सुई गादीला लागत नाही, तिला ढकलत नाही. सरकलेली गादी हे एपिड्युरल नाकारायचं कारण नाही. मात्र मी तुमची पाठ बघितलेली नाही, त्यामुळे तुम्हाला 'घ्याच' असंही या पानावरून सांगणार नाही.

अडचणी येतात त्या वेगळ्याच. सुई देताना पाठ बाहेर काढून, हनुवटी छातीला टेकवून, मांजर चिडल्यावर करते तशी कमान करावी लागते. दुखऱ्या कंबरेला ती होत नाही. मग जागा सापडायला वेळ लागतो, दोनदा-तीनदा टोचावं लागतं. माझ्या हातून एकदा याच घाईत सुई त्या उंबऱ्याच्या पुढे गेली होती. पेशंटला वाकता येत नव्हतं, ती कळेत हलली, आणि मीही थांबायला हवं होतं तेवढी थांबले नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचं डोकं असं दुखायला लागलं की उठून बसली की ठणका आणि आडवी झाली की कमी. बाळाला पडूनच पाजायची. तिसऱ्या दिवशी तिच्याच दंडातलं वीस मिलिलिटर रक्त काढून पाठीत त्या जागी सोडलं, त्याने भोक बुजतं. तासाभरात ती उठून बसली आणि चहा मागितला. हे शंभरात एखादीला होतं. मला ती मुलगी, तिचा पिवळा स्कार्फ, सगळं अजून आठवतं. तुमच्या भूलतज्ज्ञाला 'तुमच्या हातून असं कधी झालंय का' असं विचारा. 'कधीच नाही' म्हणणाऱ्याने एकतर फार कमी एपिड्युरल दिलेली असतात, किंवा मग काय बोलावं!

म्हणून एकोणतिसाव्या आठवड्यापासूनच ती बैठक घरी करून बघा. पलंगाच्या कडेला बसा, पाय स्टुलावर, पोटाशी उशी, खांदे सैल. कंबर किती बाहेर येते? बसून नाहीच जमलं, तर कुशीवर झोपवूनही देतात. काही ठिकाणी आता सोनोग्राफीने मण्यांमधली फट आधी बघून खूण करतात. तुमच्यासारख्या पाठीला त्याचा उपयोग होतो. तशी सोय आहे का, ते विचारा.

ह्यांच्या मोबाइलबद्दल. पाय कायमचे लुळे पडण्याची गोष्ट खोटी नाही, पण ती किती वेळा घडते हे व्हिडिओवाला सांगत नाही. ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आयांसाठी एक कार्ड छापलंय. त्यावर अर्धांगासारखी गंभीर इजा अडीच लाखांत एक अशी दिली आहे. पायावर बधिर चट्टा किंवा थोडी कमजोरी येऊन ती पुढे बरी होणं हजारात एक, सहा महिन्यांहून जास्त टिकणं तेरा हजारांत एक. ब्लडप्रेशर बऱ्यापैकी उतरणं पन्नासात एक. आणि आठात एकीला एपिड्युरल पुरेसं लागूच पडत नाही, दुसरं काही द्यावं लागतं. पेशंटना मी शेवटचा आकडा आवर्जून सांगते, कारण तोच खरा नेहमीचा आहे. आणखी एक: बाळाचं डोकं खाली येताना पायाच्या नसा दाबल्या जाऊन पायाला बधिरपणा येतो, तो एपिड्युरल घेतलं नाही तरी येऊ शकतो, आणि सुईपेक्षा तेच जास्त वेळा कारण असतं. पण पाठीवर बोट ठेवून दाखवता येते ती सुई. मग खापर तिच्यावर.

आधीच दुखणाऱ्या कण्याचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१० मध्ये ९३७ जणांची माहिती छापली, सगळे मणक्याची वाट अरुंद झालेले किंवा गादीचा आजार असलेले, सगळ्यांना पाठीतून भूल दिलेली. त्यांतल्या १० जणांना नवीन किंवा वाढलेला त्रास झाला, म्हणजे शंभरात एकाच्या जरा पुढे. हे ऑपरेशनला आलेले रुग्ण होते, तुमच्यासारख्या तरुण आया नव्हेत, त्यामुळे आकडा जसाच्या तसा तुम्हाला लावू नका. पण 'काहीच फरक पडत नाही' असंही मी म्हणणार नाही. म्हणूनच सुई देण्याआधी तुमच्या दोन्ही पायांची ताकद, बधिरपणा कुठे आहे, अंगठा वर उचलता येतो का, हे तपासून कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. तुमच्या भल्यासाठी, आणि खरं सांगायचं तर आमच्याही.

आता उशीकडे येते. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला साडेअकरा हजारांवर बायकांना पत्रं पाठवून विचारलं, बाळंतपणानंतर कंबर किती दिवस दुखली? एपिड्युरल घेतलेल्यांत जवळजवळ १९ टक्के, न घेतलेल्यांत साडेदहा. झालं, सगळीकडे बोभाटा. सासूबाईंच्या म्हणण्याला आधार आहे तो एवढाच. पण तेच संशोधक पुढे काय म्हणाले हे कुणी वाचत नाही. त्यांचा संशय सुईवर नव्हता. दुखणं थांबल्यामुळे बाई तासन् तास वाकड्या-तिकड्या अवस्थेत पडून राहते आणि तिला कळतही नाही, असं त्यांना वाटलं. पुढे २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३६९ बायकांचा अभ्यास आला. त्यात कुणाला एपिड्युरल द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. सरासरी सव्वीस महिन्यांनी पाठ तपासली, वाकवून मोजली, दोन्ही गटांत फरक नाही. हा अभ्यास खास गादी सरकलेल्यांचा नव्हता, हे सांगून ठेवते.

भूल दिलेली पाठ तक्रार करत नाही. निरोगी पाठीला ते चालून जातं, तुमच्या पाठीला चालणार नाही. आणि नेमकं याकडे कुणाचं लक्ष नसतं. सुई देताना सगळं घर बाहेर देव पाण्यात घालून बसतं. पुढचे सात तास ती मुलगी कशी पडली आहे ते बघायला कुणी येत नाही. मी स्वतः कितीदा बघितलंय, एक पाय पलंगाच्या कडेवरून लोंबतोय, कंबरेत पीळ पडलाय, आणि ती बिचारी आनंदाने फोनवर बोलतेय. दुखत असतं तर मिनिटात पाय सरळ केला असता.

तेव्हा आत्ताच, बधिर नसताना, एक काम करा. पलंगावर टेकून बसा, गुडघे वाकवा आणि दोन्ही बाजूंना सावकाश उघडा. कंबरेत किंवा पायात चमक यायच्या आधी थांबा. दोन गुडघ्यांमधलं अंतर टेपने मोजा. ते फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहा. कळांच्या वेळी पाय यापेक्षा जास्त फाकवायचे नाहीत, हे सिस्टरला आणि जी कोणी तुमच्याजवळ असेल तिला पाठ असू द्या. कुशीवर झोपायचं, गुडघ्यांच्या मध्ये उशी, कंबरेच्या खळग्यात घडी केलेला टॉवेल. कूस बदलायची ती दोघींनी धरून, खांदे आणि ढुंगण एकदम. अर्ध्या-पाऊण तासाने बदलायचीच. शेवटी पाय आधारावर घ्यायची वेळ आली तर दोन्ही पाय एकदम वर, एकदम खाली, आणि हवे तेवढाच वेळ. पाठीवर गरम पिशवी ठेवायची नाही. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. हल्ली औषधाचं प्रमाण इतकं कमी असतं की बहुतेकींना पाय हलवता येतात. तुम्हाला पाय अगदी ओंडक्यासारखे जड वाटायला लागले, तर गप्प राहू नका, बोलवा.

या सगळ्याला माणूस लागतं. तुमच्याजवळ कोण राहणार आहे? माझं ऐकाल तर सासूबाईंना घ्या. सुईच्या विरोधात आहेत म्हणून नव्हे, 'बाळाला उचलणार कोण' हा प्रश्न त्यांना पडला म्हणून. जिला तुमच्या कंबरेची इतकी काळजी आहे, तिच्या हातात उशी द्या. मी अशा सासवा बघितल्यात, घड्याळ लावून कूस बदलवतात.

आणि घरी आल्यावरही त्यांचीच गरज आहे. सव्वा महिन्यात कंबरेचं वाटोळं होतं ते पाटावर बसून मान खाली घालून पाजण्याने, मोरीतून भरलेली बादली उचलण्याने, जमिनीवरच्या गादीवरून बाळाला दिवसातून वीसदा उचलण्याने. बाळाला अंघोळ घालायला पाय लांब करून बसायचं काम मालिशवाल्या मावशींकडेच राहू द्या. तुम्ही खुर्चीवर बसा, मांडीवर उशी घ्या, बाळाला छातीपर्यंत आणा, स्वतः खाली वाकू नका. लंगोट बदलायला टेबल नसेल तर पलंगावर गुडघे टेकून बसा. अळीवाचे लाडू खा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

एपिड्युरल नकोच असं ठरलं, तरी बिघडत नाही. चालत-फिरत राहणं, मोठ्या बॉलवर बसणं, कंबरेवर कोमट पाणी, सोबतीने कंबर दाबणं, याने पुष्कळ निभावतं. काही ठिकाणी हुंगायचा गॅस मिळतो, इंजेक्शनंही असतात, पण त्यांनी गुंगी येते आणि मळमळतं. एक मात्र लक्षात घ्या. आयत्या वेळी सीझर करायची वेळ आली तर पाठीतली सुई बहुधा तेव्हाही येणारच आहे. नळी आधीच बसवलेली असेल तर त्यातूनच औषध वाढवता येतं. म्हणजे 'कण्यात सुई नको' हा निर्णय शंभर टक्के तुमच्या हातात नसतो. तेव्हा भूलतज्ज्ञाची भेट दोन्ही बाजूंनी उपयोगाचीच.

प्रसूतिगृहात विचारायचं ते एवढंच: रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, आणि नळी घातल्यावर ते थांबतात की दुसऱ्या केसला जातात? माझ्यासारख्या फिरत्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडत नाही. विचारा.

आत्ताच्या दिवसांत मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, पाऊल लटकं पडलं, तर ३४ व्या आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : माझ्या कंबरेत २०१८ पासून स्क्रू आणि पट्ट्या आहेत. सिन्नरला राहते, सहावा महिना आहे. मला एपिड्युरल मिळणारच नाही असं म्हणतात.

उत्तर : 'मिळणारच नाही' असं नाही, पण तुमचं काम वरच्या ताईंपेक्षा अवघड आहे. ऑपरेशनच्या जागी आत व्रण धरतो, औषध सगळीकडे सारखं पसरत नाही. एक बाजू बधिर आणि दुसरी जागी, असं होऊ शकतं. स्क्रू कोणत्या मण्यांत आहेत त्यावर सगळं आहे. ते खाली असतील तर वरून जागा मिळते. ऑपरेशनचा कागद शोधा, डिस्चार्ज कार्ड नव्हे, कुठल्या मण्यात काय बसवलं हे लिहिलेला कागद. जिथे भूलतज्ज्ञ चोवीस तास असतो अशा मोठ्या ठिकाणीच नाव घाला, म्हणजे रात्री सिन्नरहून निघण्याचा प्रश्नही आधीच सोडवून ठेवा. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं चालू असतील तर ते पहिल्या भेटीतच सांगा. त्यांच्या डोसप्रमाणे शेवटच्या इंजेक्शननंतर १२ किंवा २४ तास गेल्याशिवाय पाठीत सुई देत नाहीत. कळा आल्या की पुढचं इंजेक्शन न घेता आधी फोन करायचा.

प्रश्न : माझं सीझर होऊन नऊ वर्षं झाली. पाठीत सुई दिली तेव्हापासून कंबर दुखते. आमची पिंपळगावजवळ द्राक्षाची बाग आहे. आता यावर काही उपाय आहे का?

उत्तर : दुखतंय ते खरं आहे. 'सुईने काही होत नाही' असं सांगून तुम्हाला आतापर्यंत बऱ्याच जणांनी वाटेला लावलं असेल, तसं मी करणार नाही. सीझरची सुई अर्धा मिलिमीटर जाडीची असते. तिच्या टोचण्याने काही दिवस जागा हुळहुळते, नऊ वर्षं नाही. पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे बागेची, तिच्यावर मी थांबले. सीझरनंतर कितव्या महिन्यात तुम्ही विरळणीला उभ्या राहिलात? मांडवाखाली मान वर, हात वर, कंबर मागे झुकलेली, आणि काढणीला क्रेट उचलणं. पोटाचे स्नायू तेव्हा सुटलेलेच असतात, सगळा भार कंबरेवर. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मग फिजिओथेरपिस्टकडे जा, आणि 'कंबर दुखते' एवढंच न सांगता बागेतलं काम उभं राहून करून दाखवा. ऑक्टोबरच्या छाटणीच्या आधी जा. एकदा हंगाम सुरू झाला की तुम्ही जाणार नाही, हे मला माहीत आहे.